आलेखात वर्ग लाल रंगात दाखवला. आता बोलू की गप्प बसू?

पत्राचा सारांश: या ताई मराठवाड्याच्या ऊसतोड पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवतात. नोकरीला १७ वर्षं झाली. वर्गात १३ मुलं, त्यातली चार दिवाळीनंतर आईवडिलांसोबत कारखान्यावर जातात आणि मार्चअखेर परततात. वर्ष संपताना झालेल्या शिक्षण परिषदेत केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या) सगळ्या शाळांचा आलेख पडद्यावर लावला गेला. ताईंच्या वर्गाची गणिताची सरासरी वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीत ६१ टक्के होती, वर्षअखेरच्या संकलित २ चाचणीत ५४ झाली, म्हणून शाळेचं नाव लाल रंगात. केंद्रप्रमुखांनी सगळ्यांदेखत कारण विचारलं, ताईंना काही सुचलं नाही. आठवड्याभरात तोच आलेख शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांच्या मोबाइलवर पोहोचला. शेजारच्या शाळेतल्या सहकाऱ्याचा सल्ला असा: "बाई, पायाभूतला हात आखडता घ्यायचा, संकलितला सैल सोडायचा. सगळे हेच करतात." ताई विचारतात: १७ वर्षांच्या अनुभवाला काहीच किंमत नाही का? मी विरोध करू, इतरांसारखंच करू, की पहिलीचा वर्ग मागून घेऊ? तिथं ही चाचणी नाही.

ताई,

अनुभवाच्या किमतीचा प्रश्न थोडा बाजूला ठेवू आणि आधी आकडा बघू. त्या दिवशी तुम्हाला जे उत्तर सुचलं नाही, त्यातलं बरंचसं त्या आकड्यातच आहे.

पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींवर (मुलाला काय यायला हवं त्यावर) असते, संकलित २ चालू वर्षाच्या अभ्यासक्रमावर. म्हणजे ६१ टक्के मिळाले ते तिसरीच्या गणिताला आणि ५४ मिळाले ते चौथीच्या. दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका, काठिण्य वेगळं, घटक वेगळे. या दोन टक्क्यांची वजाबाकी करून "सात टक्क्यांची घसरण" म्हणता येत नाही. मूल ६१ वरून ५४ वर आलं आणि तरी वर्षभरात भरपूर शिकलं, असं होऊ शकतं. ६१ वरून ७० वर गेलं आणि फारसं शिकलं नाही, असंही होऊ शकतं. वाढ मोजायची तर दोन्ही वेळा सारख्याच काठिण्याचे काही प्रश्न ठेवावे लागतात.

दुसरी गोष्ट, सरासरीच्या पोटात कोण आहे? तुमच्याकडे मुलांवार गुण आहेत, त्यामुळे हे तुम्ही आजच करू शकता. वर्षभर शाळेत असलेली नऊ मुलं वेगळी काढा, चार स्थलांतरित मुलं वेगळी. समजा नऊ जणांची सरासरी ६२ वरून ६६ झाली आणि चौघांची ५९ वरून २७. एकूण सरासरी साधारण ६१ वरून ५४ वर येते. (गणित करून बघा: ५५८ अधिक २३६ भागिले १३, मग ५९४ अधिक १०८ भागिले १३.) तुमचे खरे आकडे वेगळे असतील, पण गोष्ट या जातीची असेल तर पडद्यावरच्या लाल रंगाने वर्गात काय झालं ते सांगितलंच नाही. नऊ मुलांना शिकवण्यात खोट नव्हती आणि चार मुलांचं जवळजवळ पाच महिन्यांचं शिक्षण बुडालं, या दोन वेगळ्या बातम्या आहेत. दोन्हीवरचे उपाय वेगळे आणि ते करणारी माणसंही वेगळी.

तिसरी, १३ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ७.७ टक्के. एकजण तापाने फणफणत पेपरला बसला, एकीने प्रश्नपत्रिकेचं मागचं पान उलटलंच नाही, की आलेख हलतो. वीसपेक्षा कमी मुलांच्या वर्गाचं टक्क्यांत बोलूच नये, "१३ पैकी ७" असं बोलावं. टक्के म्हटलं की आकडा उगाच मोठ्या शाळेच्या आकड्याइतका भारदस्त दिसतो.

लहान गटावरच्या आकड्याने एका शिक्षिकेचं काय होतं, याचं गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्क राज्यातलं आहे. ग्रेट नेक इथल्या चौथीच्या शिक्षिका शेरी लेडरमन यांना राज्याच्या सूत्राने २०१२-१३ मध्ये विद्यार्थ्यांच्या वाढीसाठी २० पैकी १४ गुण दिले आणि पुढच्या वर्षी २० पैकी १. त्यांच्या मुलांचे निकाल दोन्ही वर्षं राज्याच्या सरासरीपेक्षा बरेच वर होते. त्या न्यायालयात गेल्या आणि २०१६ मध्ये न्यायाधीशांनी तो एक गुण मनमानी ठरवून रद्द केला. अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने २०१४ मध्येच बजावलं होतं की बहुतेक अभ्यासांनुसार मुलांच्या चाचणी-गुणांमधल्या फरकांपैकी साधारण १ ते १४ टक्के फरक शिक्षकाशी जोडता येतो. शिक्षकाचं महत्त्व इतकंच, असा याचा अर्थ नाही. एका चाचणीच्या निकालावरून एका शिक्षकाचं माप काढण्याची पद्धत कच्ची आहे, एवढाच अर्थ.

इथवर सगळं तुमच्या बाजूचं झालं. आता थोडं टोचणारं.

तुमच्या पत्रात एका बाजूला "माझा अनुभव" आहे आणि दुसऱ्या बाजूला "त्यांचा डेटा". ही वाटणी मला पटत नाही. त्या चाचणीचे पेपर कोणी तपासले? तुम्हीच. तोंडी परीक्षा कोणी घेतली? तुम्हीच. विद्या समीक्षा केंद्राच्या (शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) चॅटबॉटवर गुणही तुम्हीच भरले. म्हणजे तो आकडा तुमच्याच निर्णयांतून तयार झालाय, फक्त वर जाताना त्यातलं मूल गळून गेलं आणि बेरीज उरली. वाद अनुभव विरुद्ध आकडा असा नाहीच. तुमच्या निर्णयाचा कोणता भाग लोकांपर्यंत पोहोचतो आणि कोणता तुमच्या डोक्यातच राहतो, हा आहे.

आणि अनुभवाला जागा नाही म्हणता, तर कागदावर ती भरपूर आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने तिसरी-चौथीला आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाला ६० टक्के भारांश दिला, संकलितला (सत्राअखेरच्या चाचणीला) ४०. पहिली-दुसरीला तर ७० आणि ३०. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय, शिवाय वर्णनात्मक नोंदी: हे सगळं शिक्षकाच्या नजरेवर सोपवलेलं होतं. त्या जागेचं आपण काय केलं? तयार वर्णनात्मक नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, मग पीडीएफ आल्या, आणि "गणितातील मूलभूत क्रिया अचूक करतो" हे वाक्य एका दमात अख्ख्या वर्गासमोर उतरलं. जिथे दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात आणि माहिती भरण्यातच दुपार जाते, तिथे हे का झालं ते कळतं. पण परिणाम असा झाला की शिक्षकाच्या निरीक्षणावर विश्वास ठेवायला वरच्यांना आणि गावाला काही आधारच उरला नाही. रिकाम्या जागेत आलेख येऊन बसला.

म्हणून विरोध करायचाच असेल तर आधी नोंदवही भरा. रोज तीनच मुलं. तेरा मुलं पाच दिवसांत पूर्ण होतात, वेळ लागतो रोज सात-आठ मिनिटं. नोंदीत मत नको, मुलाने काय केलं ते हवं. "हुशार आहे, पण लक्ष देत नाही" ही नोंद नव्हे. "५०२ − १७८ चं उत्तर ३३४ आलं, दशक-एककाचं साहित्य दिल्यावर स्वतः चूक शोधली" ही नोंद. तारीख टाका. पुसायचं नाही, महिन्याने त्याच मुलाबद्दल वेगळं दिसलं तर खाली नवं लिहायचं.

हेच उदाहरण पुढे नेते, कारण आकड्यातून खरी मदत कशी मिळते ते त्यात दिसतं. संकलित २ चे पेपर तुमच्याकडे असतील तर एका मोठ्या कागदावर तक्ता आखा: आडव्या ओळीत मुलं, उभ्या रकान्यात प्रश्न. बरोबरला खूण, चुकीला फुली मारू नका, मुलाने लिहिलेलं उत्तरच रकान्यात लिहा. तासाभराचं काम आहे. मग उभ्या रकान्यावरून नजर फिरवा. ५०२ − १७८ चं उत्तर ३२४. ज्याने ४७६ लिहिलं त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केला. त्याला शतक मोडून दशक आणि दशक मोडून एकक करणं हाताने करून बघायला हवं, आणि ते बहुधा दुसरी-तिसरीपासून राहिलंय. ज्याने ३३४ लिहिलं त्याला मोडणं कळतंय, फक्त मधल्या शून्याचे दहा झाल्यावर त्यातला एक पुढे एककाला गेला हे विसरलंय. त्याला शून्य असलेली पाच-सहा उदाहरणं पुरतील. आणि हाच प्रश्न शाब्दिक उदाहरण म्हणून आला असताना ज्याने ६८० लिहिलं, त्याने बेरीज केली. त्याला तेच उदाहरण तोंडी वाचून दाखवा. ऐकून बरोबर सोडवलं तर अडचण वाचनाची आहे, गणिताचा तास वाढवून ती सुटणार नाही.

तिघांनाही गुण शून्यच. आलेखात तिघं सारखे. तुमचं १७ वर्षांचं कौशल्य नेमकं इथे आहे, हा फरक कोणतंही सॉफ्टवेअर बेरजेवरून काढून देत नाही. पण तो फरक तुम्ही कागदावर उतरवला नाही तर तो आहे हे कोणाला कळणार?

कौशल्य आहे असं मी धरून चालले आहे, तरी तेही तपासून घ्या. अनुभवी माणसाची नजर तयार असते, तशी काही मुलांवरून ती घसरायलाही शिकलेली असते. पुढच्या चाचणीच्या आदल्या दिवशी तेरा नावांपुढे लिहून ठेवा: स्वतः करेल, थोडी मदत लागेल, जमणार नाही. पाकिटात घाला. निकालानंतर उघडा. दहा-अकरा अंदाज बरोबर आले तर तुमची नजर चांगली आहे. पण चुकलेले कोणते, ते जास्त महत्त्वाचं. तुम्ही कमी धरलेली मुलं घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी निघाली, किंवा मागे गप्प बसणाऱ्या मुली निघाल्या, तर चूक पेपरची नाही. उलट ज्याला तुम्ही "याला येतंच" म्हणत होता तो पडला, तर वर्गात तो तुमच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखत होता का, हेही बघा. असं बऱ्याचदा होतं.

याच्या जोडीला केंद्रातल्या एखाद्या विश्वासू शिक्षिकेसोबत पेपरांची अदलाबदल करा. प्रत्येकी सहा पेपर, नावाच्या जागी कागद चिकटवलेला, आधीचे गुण दिसणार नाहीत असे. दोघींनी स्वतंत्र तपासायचे आणि मग शेजारी ठेवायचे. वस्तुनिष्ठ प्रश्नांत फरक येणार नाही. लेखी उत्तरं आणि रीत दाखवण्याचे गुण इथे येईल. पद्धत बरोबर आणि उत्तर चूक असेल तर किती गुण, एवढं जरी दोघींचं ठरलं तरी पुढच्या वेळच्या तुमच्या आकड्याला वजन येतं.

आता सहकाऱ्याच्या सल्ल्याबद्दल. पायाभूतला आखडता आणि संकलितला सैल. हे करू नका, आणि कारण फक्त नीतीचं नाही. पायाभूतला मुद्दाम कमी दाखवलं की ज्याला येतं तेही मूल उपचारात्मक अध्यापनाच्या (मागे पडलेल्यांना जादा शिकवण्याच्या) यादीत जातं. संकलितला वाढवलं की ज्याला येत नाही ते यादीतून बाहेर पडतं. पाचवीच्या शिक्षकाला खोटा वर्ग मिळतो. शिवाय पुढच्या वर्षी त्या फुगवलेल्या आकड्याच्या वर जावं लागतं. अमेरिकेत अटलांटा शहरात हे टोकाला गेलं. २००९ च्या चाचण्यांबाबत राज्याने चौकशी केली, २०११ च्या अहवालात ४४ शाळांमध्ये गैरप्रकार आढळले आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. मुलांची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली जात होती. काहींवर २०१५ मध्ये फौजदारी गुन्हे सिद्ध झाले. तिथेही वरून उद्दिष्टांचा दट्ट्या होता आणि खाली "सगळे हेच करतात" होतं. ज्या आकड्यावर माणसाची इभ्रत टांगली जाते तो आकडा पहिल्यांदा बिघडतो, हे वरच्यांनाही कधीतरी स्पष्ट सांगायला हवं. पण ते सांगायचा अधिकार ज्याचे पेपर उघडून दाखवता येतात त्यालाच आहे.

केंद्रप्रमुखांशी पुढच्या परिषदेआधी भेटून बोला, परिषदेत नको. त्यांनाही विस्तार अधिकाऱ्यांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना उत्तर द्यायचं असतं, त्यामुळे त्यांच्या हातात काहीतरी ठेवलंत तर ते ऐकतील. एकच पान न्या. वर लिहा: दोन्ही चाचण्यांना बसलेली मुलं किती, वर्षभर हजर किती, स्थलांतरित किती; दोन्ही गटांचे गुण वेगळे. मध्ये: सगळ्यात जास्त चुकलेले तीन प्रश्न आणि चुकीचा प्रकार. खाली: पुढच्या सहा आठवड्यांत कोणत्या मुलांसोबत काय करणार. आणि तोंडी एवढंच म्हणा, "सर, माझ्या वर्गाचा आकडा दाखवा, पण दोन्ही वेळा तीच मुलं धरून दाखवा, आणि टक्क्यांऐवजी संख्या दाखवा." ही मागणी सगळ्या केंद्राच्या उपयोगाची आहे, नुसत्या तुमच्या बचावाची नाही. परिषदेत नावं लाल-हिरवी करण्याऐवजी प्रत्येक शाळेने एक चुकीचा प्रकार घेऊन यावा असं सुचवलंत तर आणखी चांगलं. आणि कोणी जिल्ह्याचे परख सर्वेक्षणाचे किंवा असरचे आकडे तुमच्या शाळेला लावू लागलं तर नम्रपणे थांबवा. ते नमुना पाहण्यांचे निकाल असतात, त्यावरून एका वर्गाबद्दल काही म्हणता येत नाही.

समितीकडे मात्र वेगळ्या तयारीने जा, आणि ही भेट मला केंद्रप्रमुखांच्या भेटीपेक्षा महत्त्वाची वाटते. पत्रात तुम्ही लिहिलंय, "अध्यक्षांना यातलं काय कळतं?" कदाचित गणित-अध्यापन कळत नसेल. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या, त्या शोभेसाठी नाहीत. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं हे त्यांचं कामच आहे. कलम २४ तुम्हाला प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून जास्तीची मदत द्यायला सांगतं आणि पालकांना भेटून मुलाची प्रगती सांगायलाही सांगतं. वजाबाकी काड्यांनी शिकवायची की मण्यांनी, हे समितीने मतदानाने ठरवायचं नाही, ते तुमचं क्षेत्र. पण काड्या का, आणि त्यांनी काय फरक पडला, हे विचारायचा हक्क त्यांचा आहे. "मी अनुभवी आहे" हे त्याचं उत्तर होत नाही, जसं "आलेखात लाल आहे" हे केंद्रप्रमुखांचं होत नाही.

बैठक दुपारी ठेवलीत तर आया शेतात असतात. संध्याकाळी सातला ठेवा. आलेख लावू नका. पत्रक वाचू नका. फळ्यावर ५०२ − १७८ लिहा, चुकीची दोन उत्तरं नावांशिवाय लिहा आणि मूल कुठे अडलं ते समजावून सांगा. पैशाचे हिशोब रोज करणाऱ्या बायकांना हे पाच मिनिटांत कळतं, त्यासाठी शाळेची पायरी चढलेली असावी लागत नाही. मुलांच्या नावानिशी गुण भिंतीवर लावायचे नाहीत, व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच नाही. समाजवार किंवा जातवार तक्ताही नको. तेरा मुलांत तो तक्ता म्हणजे थेट नाव घेणं. ज्याच्या त्याच्या पालकाला ज्याची त्याची वही दाखवा, आणि मुलाला शेजारी बसवून त्यालाच आधी विचारा, "तुला काय जमतं, कुठे अडतं?" नव्या समग्र प्रगती पत्रकात स्वयंमूल्यमापनाला जागा आहे, ती चेहऱ्याच्या चित्राला रंग देऊन भरून टाकू नका.

मग त्या चौघांचा विषय समितीपुढे ठेवा, कारण तो त्यांच्याच हातातला आहे. दिवाळीआधी पालकांशी बोलून मुलांना मागे ठेवता येईल का, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जाईल का, आजी-आजोबांकडे कोण राहील, कारखान्याजवळच्या शाळेत नाव कोण घालून देईल. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हे ठरलं नाही तर नोव्हेंबरमध्ये ठरवायला गावात माणूसच उरत नाही. जी मुलं जाणारच, त्यांच्या दप्तरात तुमच्या तक्त्यावरून काढलेली एक पातळ वही द्या: त्याच मुलाच्या चुकीच्या प्रकाराची चाळीसेक उदाहरणं आणि वाचायला तीन गोष्टी. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना वर्गाच्या पेपरला बसवावं लागलं तरी त्यांची नोंद वेगळी ठेवा आणि मार्च ते एप्रिलमध्ये त्यांनी किती भरून काढलं ते लिहा. ते कुठल्याच आलेखात येणार नाही, तुम्हीच ठेवलंत तर राहील.

राहिला पहिलीचा वर्ग. तिथे ही चाचणी नाही म्हणून जायचं असेल तर जाऊ नका; निपुण भारतची (पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेची) उद्दिष्टं तिथेही आहेत आणि तपासणीही. पण आधी तक्ता भरा. समजा तुमच्या चौथीतल्या निम्म्याहून अधिक चुका ४७६ च्या जातीच्या निघाल्या, म्हणजे दशक-एकक पहिली-दुसरीतच कच्चं राहिलेलं, तर तुमच्यासारख्या मुरलेल्या शिक्षिकेने खालचा वर्ग घेणं शाळेच्या फायद्याचं आहे. तो तक्ता घेऊन मुख्याध्यापकांकडे जा आणि कारण सांगून पहिली मागा. आणि चुका बहुतेक ६८० च्या जातीच्या निघाल्या तर चौथीतच थांबा, सकाळचा पहिला अर्धा तास वाचनाला द्या आणि गणिताची शाब्दिक उदाहरणं भाषेच्या तासाला घ्या.